वाचून पाहिले, बरोबर आहे

"हौसाबाई केरबा शिंत्रे हितंच राहत्यात न्हवं?" गिरणीच्या दारात उभा राहून दगडू कोतवालानं विचारलं.

मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिलो. पंधरा दिवसांपूर्वी हौसाच्या, माझ्या बायकोच्या तिरडीचे बांबू त्यानंच तोडून आणले होते. तेराव्याला माझ्या शेजारी बसून जेवला होता. तेरावं झाल्यावर गिरण मी त्या सकाळीच पहिल्यांदा चालू केली होती.

"दगडू, शुद्धीत हाईस का?"

"इचारावं लागतंय आण्णा. नोटीस वैनींच्या नावची हाय." त्यानं पिशवीतून कागद काढला. "मयत म्हणून परत धाडू, का तुमी घेतासा? धाडली तर पुन्ना तुमच्याच नावानं येणार. हेलपाटा मलाच."

"कसली नोटीस?"

"फेरफाराची. वैनींनी जमीन इकल्याली हाय."

मी पट्टा पाडला. गिरण थांबल्यावर कान सुन्न होतात. त्या सुन्न कानांनी मी नोटीस वाचली. लिहून देणार हौसाबाई केरबा शिंत्रे. लिहून घेणार पार्वती गणू गोरुले, राहणार हाळवाडी. क्षेत्र अठरा गुंठे. खरेदीपत्राप्रमाणे नवीन मालकाचं नाव लागणार आहे, कुणाची हरकत असेल तर पंधरा दिवसांत लेखी द्यावी.

हाळवाडी तिचं माहेर. हौसाला भाऊ नव्हता, म्हणून ते अठरा गुंठे बापामागं तिच्या नावावर आले होते. पारू गोरुले तिची लहानपणची मैत्रीण. नवऱ्यानं टाकलेली, माहेरीच राहिलेली. तिचं घर त्या तुकड्याच्या बांधाला लागून. खरेदीची तारीख बघितली तर गौरी-गणपतीनंतरची. तेव्हा हौसा आठ दिवस माहेरी गेली होती. येताना माझ्यासाठी वरण्याच्या शेंगा आणि एक दुधी भोपळा घेऊन आली होती. जमीन विकल्याचं एका शब्दानं बोलली नव्हती.

"घ्या, हितं सही करा," दगडू म्हणाला.

मी केली.

आमची गिरण चावडीच्या समोर होती. गावातली ही जागा फार वाईट. तलाठ्याला, पोलिसाला, ग्रामसेवकाला कशाचाही पंचनामा करायचा असला की दोन पंच लागतात. त्यातला एक मी ठरलेला. दगडू चावडीच्या पायरीवरून हाक मारायचा, "केरबाआण्णा, या वाईच!" मी तसाच पिठाच्या हातानं जायचो आणि बोट दाखवतील तिथं सही करायचो. कधी कागदावर मजकूर असायचा, कधी नसायचा. "सही करा, मागनं लिवतो, आज घाई हाय," असं तलाठी भाऊसाहेब म्हणायचे. प्रत्येक पंचनाम्याच्या शेवटी एकच ओळ असते. वरील मजकूर वाचून पाहिला, बरोबर आहे. त्या ओळीखाली मी तीस वर्षं सह्या केल्या. एकदा वीज पडून मेलेल्या म्हशीचा पंचनामा केला. त्या म्हशीचं दूध पुढं दोन वर्षं आमच्या घरी येत होतं.

मला यात काही वाईट वाटत नव्हतं. उलट बरं वाटायचं. गावातल्या सगळ्या कागदांवर आपलं नाव आहे, असं वाटायचं. हौसाला ते आवडायचं नाही. मी चावडीतून आलो की ती विचारायची, "आज कुणाचं काय बुडवून आलासा?"

"मी कशाला कुणाचं बुडवू? सही केली निस्ती."

"त्येच म्हंत्ये मी."

ती चौथी शिकलेली होती, मी सातवी. दुधाच्या डेअरीची पावतीसुद्धा ती दोनदा वाचायची.

त्या संध्याकाळी माझा धाकटा भाऊ दिनकर आला. त्याला बातमी माझ्याआधी लागली होती. तो पंचायतीत सभासद होता, तलाठ्याच्या मोटारसायकलवर मागं बसून हिंडायचा.

"दादा, तुला ठावं हुतं?"

"न्हाई."

"तुला न इचारता? नवऱ्याला?" तो माझ्याजवळ सरकून बसला. "त्या जागेवरनं नवीन रस्ता जातोय. पेट्रोल पंपवाला जागा मागायला माझ्याकडं दोनदा येऊन गेला. वैनीला मी म्हणालो बी हुतो, जागा पंपाला देऊया, दादाची सही मी घेऊन ठेवतो म्हणून. तवा काय बोलली न्हाई."

"कवा म्हणालास?"

"उन्हाळ्यात. पाट्यावर चटणी वाटत हुती. निस्ती माझ्याकडं बघितली."

मला राग आला होता. तो दिनकरवर नव्हता, हौसावर होता. बत्तीस वर्षं एका चुलीचं खाल्लं आणि एवढी गोष्ट माझ्यापासून लपवली. मेलेल्या माणसावर रागावलं की तो राग कुठं ठेवायचा ते कळत नाही. दिनकरनं त्या रागाला जागा करून दिली.

"हरकत घ्यायची," तो म्हणाला. "शेवटी ती बरळत हुती का न्हवती?"

"दोन दिवस. दवाखान्यात. किडनी बंद पडल्यावर."

"बास. तेवढंच लिवायचं. माणूस शुद्धीत नसताना केल्याली खरेदी हाय म्हणायचं. सर्कलला बी काय तरी आधार लागतोय न्हवं?"

सर्कल म्हणजे मंडळ अधिकारी. फेरफाराला हरकत आली की तो दोन्ही बाजू ऐकतो आणि नोंद मंजूर करायची की रद्द करायची ते ठरवतो.

"पण खरेदी केली तवा ती चांगली हुती," मी म्हणालो.

"तुला काय ठावं? तू हुतास का तिथं?"



चार दिवसांनी दिनकर टाइप केलेला जबाब घेऊन आला. गिरण चालू होती, बायका रांगेत होत्या. एकीची ज्वारी निम्मी झाली होती. तीन पानं होती. त्यानं पिठाच्या डब्याच्या झाकणावर कागद ठेवले, गिरणीच्या आवाजात माझ्या कानाशी ओरडला, "तीन जागी!" मी तीन जागी सही केली. शेवटच्या पानावर माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा उमटला, तो त्यानं फुंकर मारून उडवला.

सुनावणी सोमवारी होती. मंडळाच्या गावी, बाजाराच्या दिवशी. कचेरीची खोली लहान, दार उघडं. आत बाकावर आणि बाहेर ओसरीवर मिळून वीस-पंचवीस माणसं आपापल्या कामासाठी बसलेली. पारू कोपऱ्यात भिंतीला टेकून उभी होती. डोक्यावर पदर, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत खरेदीपत्र. मला बघून ती पुढं आली.

"दाजी, जेवलासा का?"

मी मान फिरवली.

सर्कल पोरसवदा होता, चष्म्याचा. त्यानं आधी पारूला विचारलं. ती म्हणाली, हौसाआक्का स्वतः तालुक्याला आली, साहेबापुढं बसून सही केली, पैसे मोजून घेतले, येताना आम्ही दोघी उसाचा रस प्यालो. सर्कल हसला. "रस प्यालेला लिहायला नको, बाई."

मग त्यानं माझा जबाब उचलला, एक पान चाळलं, कारकुनाकडं दिला. "मोठ्यानं वाचा. समोरच्या बाईंना ऐकू दे. मागनं कळलं नाही म्हणायला नको."

कारकून वाचायला लागला. त्याचा आवाज सपाट होता, बाजारभाव वाचतात तसा.

"मी खाली सही करणार केरबा शंकर शिंत्रे, जबाब लिहून देतो की, माझी मयत पत्नी हौसाबाई ही गेली सहा वर्षे वेडसर होती."

सहा वर्षं. मी दिनकरकडं बघितलं. तो खिडकीतून बाहेर बाजार बघत होता.

"तिला अंगावरच्या कपड्यांचे भान राहत नसे. ती लोकांसमोर लुगडे सोडत असे. ती स्वतःची घाण हाताने भिंतीस व अंथरुणास फासत असे. तिला बांधून ठेवावे लागे."

बाकावरचा एक म्हातारा "अरारारा" म्हणाला. ओसरीवरची दोन माणसं उठून दाराशी आली.

हौसा. गिरणीत दळण आणायचं झालं तरी अंघोळ करून येणारी हौसा. दवाखान्यात शेवटच्या दोन दिवसांत तिला ताबा राहिला नव्हता. ती बरळत होती हे खरं, पण मधेच शुद्धीवर यायची आणि हाताला घाण लागलेली बघून लहान मुलीसारखी रडायची. "अवो, कुणाला आत सोडू नगा. तुमी एकल्यानंच पुसा." मी एकट्यानंच पुसली. नर्सलाही हात लावू दिला नाही. ती गेल्यावर चौथ्या दिवशी, मला झोप येईना म्हणून दिनकर सोबतीला आला होता, तेव्हा हे मी त्याला सांगितलं. जगात फक्त त्याला. सांगताना रडलो होतो, त्यानं पाठीवर हात फिरवला होता.

तेच आता तीन पानांवर होतं, सहा वर्षांचं करून. कारकून अजून वाचत होता. पुढं काय काय होतं ते मी लिहिणार नाही.

"दाजी," पारू म्हणाली. मोठ्यानं नाही. "ह्ये तुमी लिवलंय?"

"मधे बोलू नका बाई," सर्कल म्हणाला. कागद परत घेऊन त्यानं माझ्यापुढं धरला. "ही सही तुमची?"

तीन पानं, तीन सह्या. केरबा शं. शिंत्रे, शेवटी खाली ओढलेली रेघ. चावडीत हजार वेळा केलेली.

"व्हय."

"मजकूर वाचून, समजून केली?"

तेव्हा नाही म्हणायला काही लागत नव्हतं. एक शब्द. मजकूर वाचला नव्हता, हे खरंच होतं. पण वीस-पंचवीस माणसं बघत होती. नाही म्हणालो असतो तर मी बायकोबद्दलचा कागद न वाचता सही करणारा माणूस ठरलो असतो. तिला वेडी ठरवण्यापेक्षा मला तेव्हा त्याची लाज जास्त वाटली. हे मी आज सांगू शकतो. तेव्हा एवढं कळलंही नाही. तोंडातून सवयीचं तेच आलं.

"व्हय. बरोबर हाय."

सर्कलनं चष्मा काढून पुसला. "हे बघा. दस्त रजिस्टर आहे. पण विकणारीच्या मनाची अवस्था ठीक नव्हती असं तिचा नवराच सांगतोय. खरं-खोटं ठरवायला मी काही कोर्ट नाही. नोंद रद्द करतो. बाई, तुम्हाला वर प्रांतसाहेबांकडे अपील करता येईल. पुढची केस घ्या रे."

सगळं मिळून पंधरा मिनिटं लागली असतील.

बाहेर आल्यावर दिनकरनं माझा दंड धरला. "झालं काम! आता वारसानं तुझं नाव लागतंय. चल, काय तरी खाऊ."

"दिनू, त्ये तू का लिवलंस?"

"कुठलं?"

"घाणीचं."

"अरं, तूच सांगितलास की." तो खरोखरच गोंधळला होता. "आणि निस्तं बरळत हुती म्हणून कोण ऐकतंय? वकील म्हणाला, चित्र उभं ऱ्हायला पायजे. ती गेली, दादा. तिला आता काय कळतंय?"

बाजारात एका गाड्यावर भजी तळत होते. दिनकरनं दोन प्लेटी घेतल्या. इथं मी उठून निघून गेलो असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मी सकाळपासून उपाशी होतो. कांदाभजी गरम होती. मी खाल्ली. सोबतची मिरची पण खाल्ली. दिनकरनं चहा सांगितला, तो प्यालो. आज कांदा तळल्याचा वास आला की मी तिथून उठतो, पण त्या दिवशी उठलो नव्हतो, याची मला जास्त किळस येते.

दिनकर तलाठ्याला भेटायला गेला. मी एकटाच एसटीच्या शेडमध्ये गेलो. तिथं पारू बसली होती. मला बघून ती उठली नाही. मी दुसऱ्या टोकाला बसलो. हाळवाडीची आणि आमची गाडी एकच.

तिनंच विचारलं, समोर बघत.

"तुमी वाचलं न्हवतं न्हवं?"

मी बोटांना लागलेलं भज्यांचं तेल बाकाला पुसलं.

"न्हवतंच वाचलं. मला ठावं हाय. आक्काला बी ठावं हुतं."

"काय ठावं हुतं?"

ती माझ्याकडं वळली. "आक्का माझ्याकडं आली तवा डोळ्यांखाली सुजली हुती. म्हणाली, पारू, मी काय दिवाळीच्या फुडं जात न्हाई. मी म्हटलं, डाक्टर काय म्हणतोय? म्हणाली, डाक्टर ह्यास्नी भाईर नेऊन सांगतोय, म्हंजे कळलं की मला. मग म्हणाली, ह्यो तुकडा तू घे, तुला जमंल तेवढं दे. मी म्हटलं, दाजींच्या नावावर कर की, इकायची कशाला? तर म्हणाली…" पारू थांबली. तिनं पदरानं तोंड पुसलं.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, माझ्यामागं दिनूभावजी कागद घेऊन येतील आणि ह्ये पिठाच्या हातानं सही करतील. कशाला करतोय ह्ये बगणार न्हाईत. लई चांगला माणूस हाय गं, पर बगत न्हाई. म्हणून त्येच्या आदी माझ्या हातानं देत्ये. तुमाला सांगू नगो म्हणाली. सांगितलं तर त्ये भावाला सांगतील, त्येंच्या पोटात काय ऱ्हात न्हाई, म्हणाली."

गाडी आली. लोक चढायला लागले. पारू उठली.

"लई चांगला माणूस हाय म्हणाली," ती पुन्हा म्हणाली. शिवी द्यावी तसं म्हणाली. मग गाडीत चढली. मी चढलो नाही. सात किलोमीटर चालत घरी आलो.

त्यानंतर दिनकर माझ्या घरी आला तेव्हा मी दार उघडलं नाही. तो बाहेरून बराच वेळ बोलत होता. आधी समजावत होता, मग दमात घेत होता, मग म्हणाला, "तुझ्यासाठीच केलं की रं दादा." वारस नोंदीच्या कागदावर मी सही केली नाही. त्याच्याशी मी त्या दिवसापासून बोललेलो नाही. यात मोठेपणा काही नाही. त्याचं तोंड बघितलं की मला माझं दिसतं, एवढंच कारण.

पारूनं अपील केलं. मी प्रांतसाहेबांकडं जाऊन सांगितलं, मागचा जबाब खोटा आहे, बायको शेवटचे दोन दिवस सोडले तर पूर्ण शुद्धीत होती. खोटा जबाब दिला म्हणून तुमच्यावर खटला होऊ शकतो, असं त्यांनी बजावलं. होऊ दे म्हणालो. झाला मात्र नाही. कुणाला तेवढा वेळ नव्हता. सव्वादोन वर्षांनी नोंद मंजूर झाली, सातबाऱ्यावर पारूचं नाव लागलं. पेट्रोल पंप दुसरीकडं कुठंतरी झाला. पारू तिथं भुईमूग करते, असं ऐकतो. ती वाटेत भेटली तर पदर सारखा करून पुढं जाते. जेवलासा का, असं पुन्हा कधी विचारलं नाही.

निकालानंतर मी तालुक्याच्या कचेरीत गेलो. अभिलेखाच्या खोलीत एक बाई बसल्या होत्या. मी त्यांना फेरफाराचा नंबर दिला आणि म्हणालो, या फायलीत माझ्या बायकोबद्दल तीन पानं आहेत, ती काढून टाका.

"आजोबा, दप्तरातला कागद काढता येत नाही."

"मग खोडा त्यावर."

"खोडताही येत नाही. कायमचं रेकॉर्ड आहे हे. आता सगळं स्कॅन होणार. कुणीही फी भरून नक्कल मागितली की द्यावी लागते."

"कुणीही?"

"कुणीही."

"पण त्ये खोटं हाय. साहेबांपुढं मी दुसरा जबाब दिलाय."

त्यांनी फाईल सोडली. पानं उलटली. माझा पहिला जबाब काढून वाचायला लागल्या. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं आणि पदर नाकाशी धरला, खरंच वास आल्यासारखा. मग खालचा, प्रांतसाहेबांपुढचा दुसरा जबाब काढला, तोही वाचला. दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"हिच्याबद्दल एकदा हे लिहून दिलंत आणि एकदा हे."

"दुसरं खरं."

"खाली दोन्हीकडं 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असंच आहे." त्यांनी बोट एका सहीवरून दुसऱ्या सहीवर नेलं. "आणि सही तर अगदी एकसारखी."

त्यांनी दोन्ही कागद फायलीत घातले, सुतळी बांधली आणि फाईल मागच्या कपाटात ठेवून दिली.